परमुलखात बाळंतपणाला मदतीला जाताना

खानापूर तालुक्यात चौतीस वर्षं नर्सबाई म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर एके दिवशी युगांडातून फोन आला. बेळगावच्या कॅम्पातली आमच्या ओळखीची मुलगी, नवऱ्याबरोबर तिकडे मिशनच्या कामाला गेलेली. पहिलटकरीण, आणि आई हयात नाही. "मावशी, इथली सुईण चांगली आहे, पण आपलं माणूस कुणी नाही," म्हणाली. मी गेले. पुढे कुणाला असं जावं लागलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी कागदपत्रं बघा. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठी, सरकारी कागद कन्नड, आणि इंग्रजीत नाव उतरताना स्पेलिंग दर ठिकाणी वेगळं. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं. पासपोर्टावर जे नाव आहे तेच व्हिसा, तिकीट आणि लसीच्या कार्डावर, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

युगांडाला पिवळ्या तापाची लस लागतेच, आणि तिचं कार्ड ऑनलाइन व्हिसाच्या अर्जालाच जोडावं लागतं. म्हणजे आधी लस, मग व्हिसा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारी केंद्रांतच मिळते. मी चोर्ला घाट उतरून गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात गेले. दिवस ठरलेले असतात, फोन करूनच निघा. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. साठी ओलांडलेल्यांनी किंवा अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मी एकसष्टची, म्हणून विचारूनच घेतली. हिवतापाच्या गोळ्याही त्याच वेळी लिहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली कर्नाटकातली नर्सिंगची नोंदणी तिथे चालत नाही. तिथे सुईणींची नोंदणी युगांडाच्या नर्स-मिडवाइफ कौन्सिलकडे असते. त्यामुळे बाळंतपण करणारी ती, आणि आपण बाळंतिणीच्या घरची बाई. हात धुऊन, ती सांगेल ते हातात द्यायला उभं राहायचं. चौतीस वर्षं स्वतः बाळंतपणं केलेल्या बाईला हे जड जातं, पण एका खोलीत दोन सुईणी झाल्या की बाळंतिणीचे हाल होतात.

जायच्या महिनाभर आधी त्या सुईणीशी फोनवर नीट बोला. मी पहिलं विचारलं ते फ्रिजचं. कारण सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी कणकुंबीच्या बाजूला पावसात तीन दिवस वीज नव्हती. एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. गर्भाशय आकसवून रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिन दिलं तरी गर्भाशय मऊच. ते इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आमचं तीन दिवस उबेत पडलेलं. पोट चोळत, जीपमध्ये घालून तिला खाली नेलं, वाचली. तेव्हापासून औषधाआधी मी वीज विचारते. फ्रिजचा भरवसा नसेल तर त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत का ते विचारा. त्या थंडीशिवाय टिकतात आणि बाळ झाल्यावर ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने देता येतात. बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि मास्क आहे का? सिझरचा दवाखाना किती दूर, रात्री गाडी कोण चालवणार? आईचा रक्तगट कोणता? निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. ते कुठे मिळेल हे आधीच माहीत हवं.

छत्तिसाव्या आठवड्यात पोचा. तारीख ही अंदाजाची असते, सदतीस ते बेचाळीस आठवड्यांत केव्हाही कळा सुरू होतात.

तिथली सुईण लुगांडा बोलायची. मी तीन शब्द शिकले. 'मुसावो' म्हणजे डॉक्टर-नर्स, 'सिंदिका' म्हणजे जोर लाव, 'म्पोला म्पोला' म्हणजे हळूहळू. आमच्या मुलीला मात्र कळांत मराठीच लागली. "जोर लाव गं बाळ, आलंच बघ," हे मी म्हणायचं, तेवढ्यासाठीच तर मी गेले होते.

बाळ आलं की कोरडं पुसायचं आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, घाई नको. पुसूनही श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी लावायची. आमच्या बाळाने लगेच टाहो फोडला. सुईणीने मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन दिलं, वार पुरी पडली का ते उलटसुलट करून पाहिलं. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट चाचपायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. गर्भाशय नारळासारखं घट्ट लागलं पाहिजे.

बाळाच्या बापाने डोळे मिटून प्रार्थना केली. मी विठ्ठलाची माळकरी, तरी हात जोडून गप्प उभी राहिले. पाचवी पुजणं, काजळ-तीट हे आपण होऊन काही करू नका. त्यांचं घर, त्यांची श्रद्धा.

सामानात बाळंतशेपा, ओवा, डिंक आणि अळीव बंद पाकिटांत नेले, यादीसकट. नाचणी नेऊ नका, ती मुळात त्याच मुलखातली. बाजारात सहज मिळते, आंबील रोज केली. कोळशाच्या शेगडीला ते 'सिगिरी' म्हणतात, ऐकून बरं वाटलं. पण बंद खोलीत शेक दिला नाही, त्या कोळशाचा वायू बाळाला घातक. कात्री मोठ्या बॅगेत आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा.

निघण्याआधी जन्माच्या नोंदीचं बघा. आईबाप भारतीय असतील तर परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं असतं. त्यासाठी आधी तिथला जन्मदाखला हवा. मी दीड महिना राहिले, आणि कंपालाच्या आपल्या हाय कमिशनमध्ये अर्ज देऊन आल्यावरच बॅग भरली. लसीचं पिवळं कार्ड पर्समध्ये वर ठेवलं होतं. परतीला ते नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.