जर्मन लष्करी पिस्तुलांवरचे शिक्के वाचताना या चुका टाळा

जर्मनीत एका लिलावाआधी माल बघायला गेलो होतो. तिथलं ल्युगर पी०८ हे जर्मन सैन्याचं पिस्तूल हातात घेतलं, तर चेंबरवर (काडतूस बसतं त्या भागावर) एकाखाली एक दोन सालं: १९२० आणि १९१७. 'मागाहून कुणीतरी ठोकलंय' असं मनाशी म्हणत ते परत ठेवलं आणि एक चांगलं पिस्तूल हातचं घालवलं.

मागाहून ठोकलं होतं हे खरं, पण खुद्द सैन्यानेच. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं. युद्धानंतर लोकांकडे राहिलेली शस्त्रं सरकार परत गोळा करत होतं. त्या गोंधळात आपली कुठली ते ओळखू यावं म्हणून १९२० हा आकडा मारला गेला. म्हणजे तो मालकीचा शिक्का. पिस्तूल १९१७ चंच.

उलटी चूक 'एस/४२' आणि '४२' या खुणांवर होते. टॉगलवर (पिस्तुलाच्या वरच्या, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर) ४२ दिसलं की लोक १९४२ समजतात. तो माउझर कारखान्याचा सांकेतिक आकडा. साल चेंबरवर बघायचं. पण टॉगलवर 'बीवायएफ' (माउझरचीच नंतरची सांकेतिक अक्षरं) आणि चेंबरवर ४२ असेल, तर ते ४२ मात्र खरंच साल! तोच आकडा, जागा बदलली की अर्थ बदलला. कैसरच्या काळातल्या पी०८ वर ही भानगड नाही: टॉगलवर डीडब्ल्यूएम या कारखान्याची गुंफलेली अक्षरं, नाहीतर मुकुट आणि त्याखाली 'एर्फुर्ट' हे सरकारी कारखान्याच्या गावाचं नाव.

मुकुटावरून आठवलं. चेंबरच्या उजव्या बाजूला बारीक मुकुट आणि त्यांखाली गॉथिक वळणाची अक्षरं असतात. संगिनी गोळा करणारे इथे हमखास फसतात, कारण संगिनीच्या पात्याच्या पाठीवर मुकुटाखालचा 'डब्ल्यू' हा कैसर विल्हेल्मचा असतो. पिस्तुलावरची ही अक्षरं तपासनिसांच्या आडनावांची. शेजारचा छोटा गरुड म्हणजे गोळी झाडून चाचणी झाल्याची खूण.

नळीच्या खालच्या अंगाला, अनुक्रमांकापाशी, '८,८३' असा आकडा सापडला की गिऱ्हाईक विचारतं, 'हे तर नऊ मिलिमीटरचं ना?' नऊच. ८,८३ हे नळीच्या आतलं मोजलेलं माप, आणि जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात, इतकंच.

अनुक्रमांकाचं दुखणं मोठं. लष्करी पी०८ चे क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होत. दहा हजार झाले की खाली 'ए' अक्षर, मग 'बी', असं पुढे. त्यामुळे नुसता '४३२१' सांगून काहीच कळत नाही. कारखाना, साल, क्रमांक आणि खालचं अक्षर हे चौघं एकत्र हवेत. सुट्या भागांवर शेवटचे दोनच आकडे असतात. ते सगळीकडे जुळतात का, हे भिंग घेऊन बघा. फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसतात. विक्रेता 'ऑल मॅचिंग' (सगळे क्रमांक जुळतात) म्हणाला की मी आधी मॅगझिनचं लाकडी बूड उलटं करतो. बहुतेकदा तिथेच भांडं फुटतं.

माउझर सी९६ या दुसऱ्या पिस्तुलाची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे हे नाव १९१४ च्या कलकत्त्याच्या रोडा प्रकरणाने (रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल पळवला गेला त्या घटनेने) घरोघरी गेलं. क्रांतिकारकांनी पळवलेली ती ५० पिस्तुलं मात्र बाजारातल्या विक्रीची होती, जर्मन सैन्याची नव्हेत. सैन्याने १९१६ मध्ये दीड लाखांची मागणी नोंदवली ती नऊ मिलिमीटरची, आणि नेहमीच्या सी९६ ची ७.६३ मिलिमीटरची काडतुसं चुकून भरली जाऊ नयेत म्हणून मुठीच्या लाकडात ९ कोरून लाल रंगवला. या 'रेड नाइन'ला भाव चांगला, म्हणून नऊचा आकडा आजही कोरला जातो. एकदा एका मुठीवर बोट फिरवलं तर कोरीव कडा नखाला लागत होत्या, आणि भोवतालचं लाकूड मात्र शंभर वर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेलं. लाकूड बदलता येतं, म्हणून नळीचा व्यास मोजून घ्या आणि नेम धरायच्या मागच्या पट्टीवरचे अंतराचे आकडे ५०० मीटरपर्यंतच आहेत का ते बघा. बाजारातल्यांची पट्टी सहसा १००० पर्यंत जाते.

कायद्याचं थोडक्यात: भारतात नऊ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचं माप) आहे, जर्मनीत संग्राहकाला लाल परवाना लागतो.

आणि पॉलिश करू नका. कैसरकालीन पी०८ चा ट्रिगर आणि काही बारीक भाग मुळात गवती पिवळ्या रंगाचे असतात. कुणी हौसेने सगळं निळंकाळं करून घेतलं की तो पिवळा रंग जातो, शिक्क्यांच्या कडा बुजतात, आणि मग मुकुटाखालचं अक्षर कुठलं होतं ते भिंगालाही सांगता येत नाही.