आधी ‘शेकड्याचं’ कर्ज संपवा

सांगलीत घरखर्चाचा हिशेब मांडायला बसलात, तर आधी कर्जं लिहा, तीही व्याजासकट. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा आकडा किरकोळ वाटतो. पण ते महिन्याचं व्याज असतं, म्हणजे वर्षाला 36 टक्के. पन्नास हजारांवर दरमहा दीड हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी! क्रेडिट कार्डाची थकबाकीही जवळपास याच दराची. म्हणून बाकीचे हप्ते वेळेवर भरत राहा, पण वरचा प्रत्येक रुपया याच कर्जाच्या मुद्दलात घाला. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज काढून सावकाराचं देणं फेडून टाकणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

वरचा रुपया येतो स्वयंपाकघरातून. नवी शाळू ज्वारी बाजारात आली की वर्षाची भरा. लाल तिखटाची चटणी विकत आणू नका. मिरची वाळवून डंकावर कुटून घ्या. त्यासाठी मात्र नवं कर्ज नको, महिन्याला थोडं बाजूला काढा.

भिशी लागली किंवा उसाचं बिल जमा झालं, की त्याच दिवशी मुद्दल भरा आणि पावती घ्या. चार दिवस पैसे खात्यात राहिले की त्यांना पाय फुटतात.