इनडोअर लांब उडी: फाऊल झाला की लगेच खूण हलवू नका

इनडोअर लांब उडीत वाऱ्याला दोष देता येत नाही. मैदानावर वारा पाठीमागून आला की पावलं लांबतात, समोरून आला की आखडतात. छताखाली ही सबब उरत नाही, त्यामुळे फाऊल, म्हणजे उडी घ्यायच्या पट्टीच्या (बोर्डच्या) पुढच्या रेषेपलीकडे पाय जाणं, नीट पाहिला तर त्याचं कारण बहुधा सापडतं. तरीही पहिल्या उडीला लाल झेंडा वर गेला की अनेक मुली एकच गोष्ट करतात: जितका फाऊल, तितकी धाव सुरू करायची खूण मागे नेतात आणि पुढच्या उडीला उभ्या राहतात.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते शोधा. बोर्डच्या चार-सहा पावलं अलीकडे प्रशिक्षकाने मनाशी एक जागा धरलेली असावी. तिथेही पाय 10 सेंटिमीटर पुढे पडला आणि बोर्डवरही तेवढाच पुढे गेला, तर सगळी धावच पुढे सरकली आहे. खूण खुशाल मागे घ्या. पण तिथे पाय बरोबर पडला आणि तरी फाऊल झाला, तर दोष शेवटच्या पावलांचा. बोर्ड गाठायला तिने पाय ताणलाय. अशा वेळी खूण मागे नेली की बोर्ड आणखी लांब जातो आणि ती आणखी ताणते. दुसराही फाऊल, आणि आता कुणालाच काही कळत नाही!

पाय ताणण्यामागे बहुतेकदा नजर असते. सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने धावताना मान खाली घालून बोर्ड शोधला की कंबर खचते आणि वेग तिथेच मरतो. नजर वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडे हवी. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब, शेवटचं आखूड आणि झटपट, ही लय सरावात इतकी मुरलेली हवी की स्पर्धेत तिचा विचार करावा लागू नये.

जुन्या सवयीही नडतात. नोव्हेंबर 2021 पासून उडी घेताना बुटाचं टोक टेक-ऑफ रेषेच्या (बोर्डच्या पुढच्या कडेच्या) उभ्या पातळीपुढे, अगदी हवेतही, गेलं तरी फाऊल धरतात. रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ लगद्याच्या पट्टीवर) पूर्वीसारखा ठसा उमटायलाच हवा असं नाही.

याच्या उलट चूक मला जास्त खुपते. दोन फाऊल झाले की मुलगी घाबरून बोर्डच्या बरीच अलीकडून उडी घेते. अंतर रेषेपासून मोजतात, म्हणजे मागे सोडलेला प्रत्येक सेंटिमीटर फुकट गेला. जर्मनीच्या मलायका मिहाम्बोने 2022 च्या यूजीनमधल्या जागतिक स्पर्धेत पहिल्या दोन्ही उड्या फाऊल केल्या, तिसरी 6.98 मीटर मारली आणि शेवटी 7.12 मीटरवर सुवर्ण घेतलं. ती स्पर्धा मैदानी होती, पण तिसऱ्या उडीआधीचं दडपण छताखालीही तेच असतं.

घरच्या मैदानावरचं माप इनडोअरला जसंच्या तसं वापरू नका. स्पर्धेसाठी उभारलेली धावपट्टी अनेकदा लाकडी चौथऱ्यावर असते. ती पायाखाली उसळते आणि पावलं लांबतात. सरावाच्या वेळेत पूर्ण वेगाने निदान दोनदा धावून खुणा नव्याने लावा. धावपट्टीच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात, दोन्ही वापरा.

पाठीवरचा नंबर चारही कोपऱ्यांत घट्ट टाचा. सर्बियाच्या इवाना श्पानोविचने मार्च 2017 मध्ये बेलग्रेडला युरोपियन इनडोअर स्पर्धा 7.24 मीटरने जिंकली. त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत तिची शेवटची उडी 6.91 मीटर मोजली गेली. पाठीवरचा सुटलेला नंबर वाळूला लागला, असं तिच्या पथकाचं म्हणणं होतं, पण तक्रार फेटाळली गेली. ती 6.96 वर चौथी राहिली, कांस्यपदक 6.97 ला गेलं.

आणि आघाडीवर असलात तरी उरलेल्या उड्या सोडू नका. अंतर सारखं झालं तर दुसरी सर्वोत्तम उडी पाहतात. शिवाय मागून येणारीची एक उडी बाकी असते: 2012 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत अमेरिकेची जनाय डीलोच 6.98 मीटरवर पुढे होती, आणि तिच्याच देशाच्या ब्रिटनी रीसने शेवटच्या उडीत 7.23 मीटर मारली.