लहान गाडी निवडताना ॲव्हरेज आणि सुरक्षितता : या चुका टाळा

लहान गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा शोरूममधला पहिला प्रश्न बहुधा ‘ॲव्हरेज किती?’ हाच असतो. त्या आकड्याला वाजवीपेक्षा जास्त वजन देणे, ही पहिली चूक. वर्षाला 10,000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 20 ऐवजी 22 किलोमीटर देत असेल, तर वर्षभरात सुमारे 45 लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे लिटरला 105 रुपये धरले तर महिन्याला जेमतेम 400 रुपये. हाच दोन किलोमीटरचा फरक 12 आणि 14 मध्ये असता, तर 119 लिटर वाचले असते. मुळातच काटकसरी असलेल्या गाड्यांची तुलना करताना एवढ्याशा बचतीसाठी कमकुवत सांगाडा पत्करणे हा महागात पडणारा सौदा आहे.

दुसरी चूक एअरबॅग मोजण्याची. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 मध्ये ताशी 64 किलोमीटर वेगाने भारतातल्या पाच लहान गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. मात्र त्यांपैकी फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकून राहिला होता, त्यामुळे दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोला चार तारे मिळाले. अल्टो 800, नॅनो आणि आय-10 यांचे सांगाडे मात्र असे चेपले, की त्यांत नुसत्या एअरबॅग बसवून फारसे साधले नसते. प्रवासी बसतो तो पिंजराच आत दबला, तर फुगलेली पिशवी कोणाला वाचवणार? म्हणून चाचणीच्या अहवालात ताऱ्यांइतकाच सांगाडा ‘स्थिर’ की ‘अस्थिर’ हा शेराही वाचावा. अहवाल कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या व्हेरियंटचा आहे, हेही पाहावे. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्याकडची टक्कर-चाचणी सुरू झाली असली तरी त्यात गाडी उतरवणे कंपन्यांना ऐच्छिक आहे, हे ध्यानात असू द्यावे.

तारे समान म्हणजे सुरक्षितता समान, हाही गैरसमजच. समोरासमोरच्या धडकेची ही चाचणी साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीशी होणाऱ्या टकरीचा अंदाज देते. महामार्गावर समोर ट्रक असतो.

क्वाड्रिसायकलला, म्हणजे मोटारीपेक्षा हलक्या, छोट्या चारचाकीला, स्वस्त मोटार समजू नये. वाळूजला तयार होणाऱ्या, 216 सीसी इंजिनाच्या बजाज क्यूटला 2016 च्या युरो एनकॅप चाचणीत एकच तारा मिळाला. रिक्षाशी तुलना केली तर ती बरी ठरेल, पण हॅचबॅकशी तुलना नको.

गाडी घरी आल्यावर ‘सांगितले तेवढे ॲव्हरेज पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्रयोगशाळेत गाडी ठरावीक पद्धतीने चालवून काढलेला आकडा आपल्या रस्त्यावर तसाच मिळत नाही. तरीही फरक फारच वाटला, तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि पुढच्या वेळी तशीच टाकी भरून चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याप्रमाणे टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. आणि एवढे करून जाडजूड सीटकव्हर घालताना मात्र आसनातल्या साइड एअरबॅगच्या तोंडावरच शिवण येणार नाही, हे बसवणाऱ्याकडून आधी तपासून घ्यावे.