उभी गाडी बॅटरी खाते, तेव्हा चोर कसा धरायचा

नवी बॅटरी टाकून महिना झालेला नसतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. असं गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “बॅटरीवाल्यानं फसवलं.” बॅटरी बिचारी बहुतेक वेळा चांगली असते. किल्ली काढल्यावरही गाडीतलं काहीतरी करंट ओढत राहतं, म्हणून ती उतरते. ते शोधायला साधा मल्टिमीटर आणि निवांत वेळ हवा. वेळच जास्त हवा.

आधी बॅटरीवरचा संशय फेडून टाका. ती पूर्ण चार्ज करा आणि मायनसची केबल काढून रात्रभर ठेवा. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी ठीक. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. काहीही जोडलेलं नसताना एवढी उतरली तर मात्र बॅटरीच गेली. मग गाडी चालू करून मोजा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 मिळतं. तेवढं मिळत नसेल तर चार्जिंगचा घोळ आहे, तो वेगळा विषय.

आता खरं काम. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला. व्होल्टच्या भोकात राहिली तर मीटर काहीच दाखवणार नाही, आणि मिलिअँपिअरच्या भोकात घातली तर आतला फ्यूज उडेल. बॉनेट उघडं ठेवा. दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं आणि तुम्हाला आत हात घालता येतो. काम झाल्यावर हँडल ओढून ते लॉक आधी सोडवा, मगच दार लावा. मायनसची केबल सैल करा, पण लगेच उचलू नका. लाल टोक केबलच्या क्लॅम्पवर, काळं बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरा आणि मगच क्लॅम्प वर घ्या. करंट तुटत नाही, त्यामुळे गाडीतले कॉम्प्युटर पुन्हा जागे होत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटर जळेल.

सुरुवातीला आकडा दोन-तीन अँपिअर दिसला तरी घाबरू नका. गाडी अजून झोपलेली नाही, म्हणजे आतले कॉम्प्युटर अजून शांत झालेले नाहीत. काही गाड्या पाच मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा तास लागतो. बटण स्टार्टची गाडी असेल तर किल्ली दूर, घरातच ठेवा. जवळ असली तर गाडी तिच्याशी बोलत बसते. इथंच लोक घाई करतात आणि चांगल्या गाडीला नावं ठेवतात.

आकडा 0.02 ते 0.05 अँपिअरवर स्थिरावला तर सगळं ठीक, एवढं घड्याळाला आणि लॉकला लागतंच. 0.30 वर अडकला तर दिवसाला 7 अँपिअर-अवरच्या वर गेले (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). लहान पेट्रोल गाडीत बॅटरी 35 अँपिअर-अवरची असते, आता चार दिवसांचा हिशोब तुम्हीच करा.

मग एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजवर आकडा धाडकन पडतो, चोर त्या लाइनवर. नव्या गाड्यांत फ्यूज काढून परत घातला की कॉम्प्युटर जागा होतो. तिथं फ्यूज जागेवरच ठेवा, मायनसची केबल परत बसवून गाडी झोपू द्या, लाल वायर व्होल्टच्या भोकात घालून मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. शून्य आलं तर ती लाइन शांत आहे. 10 अँपिअरच्या मिनी फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट दिसला तर साधारण शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर वाहतोय.

माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या मालावर असतो: म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, जीपीएस, जादा हॉर्नचा रिले. परवा एका सरांच्या गाडीत 0.31 दाखवत होता. रूम लाइटचा फ्यूज काढला की 0.02. त्या लाइनवर लाइट, घड्याळ आणि म्युझिक सिस्टीम, तिन्ही. सिस्टीम ओढून बाहेर काढली तर मागं पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पिवळी कायम लाइनची, सिस्टीमच्या सेटिंगच्या आठवणी जपायला. लाल किल्लीवर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एक केल्या तर किल्ली काढली तरी सिस्टीम पुरती बंद होतच नाही. लाल सोडवली, किल्लीनं बंद होणाऱ्या लाइनवर घेतली, सोल्डरिंगचा डाग देऊन वर स्लीव्ह चढवली. मीटर पुन्हा 0.02 वर.

बाहेरचं काही नसेल तर डिकीचा दिवा बघा. 5 वॅटचा बल्बसुद्धा 0.4 अँपिअर ओढतो. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा; नंतर दिवा विझला की नाही ते कळतं. ब्रेक पेडलवरचा छोटा रबरी गट्टू तुटला की ब्रेक लाइट जळत राहतात, पण ते मागं जाऊन बघितलं तरी दिसतं. पिवळ्या कपलरना मात्र हात लावू नका, ती एअरबॅगची लाइन.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटर धरा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. त्याची जाड वायर बहुतेक वेळा या छोट्या फ्यूजमधून जातच नाही. करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा आतला डायोड गेला की करंट उलटा गळतो. बॅटरीची मायनस काढा, अल्टरनेटरवरची जाड वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर खोलून डायोड प्लेट बदलावी लागेल. ते काम घरी करू नका.