हाडाचं डीकॅल : या चुका टाळा

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी हाड पातळ कापता यावं म्हणून त्यातलं कॅल्शियम आधी काढतात, बहुधा अ‍ॅसिडने. हेच डीकॅल. हाडाच्या स्लाइडवर सगळं गुलाबी आणि पेशींचे न्यूक्लियस (केंद्रकं) फिकट दिसले की संशय हिमॅटॉक्सिलिनवर, म्हणजे न्यूक्लियस रंगवणाऱ्या निळ्या रंगावर जातो. दोष बहुधा अ‍ॅसिडच्या बरणीत असतो, कधी त्याच्याही आधी.

अख्खं फीमर हेड (मांडीच्या हाडाचं गोल टोक) फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या (फिक्स करणाऱ्या) द्रवात, बुडवून ठेवू नका. फॉर्मॅलिन आतपर्यंत वेळेत पोचत नाही, आणि फिक्स न झालेल्या मज्जेची अ‍ॅसिड पार वाट लावतं. हाड आल्याबरोबर करवतीने दोन भाग करा, फिक्स झाल्यावर 3 ते 5 मिमीच्या चकत्या पाडा. करवतीचा भुसा ब्रशने काढा, नाहीतर तोच सेक्शनमध्ये (स्लाइडवरच्या पातळ कापात) दिसतो.

फॉर्मिक अ‍ॅसिड 5 ते 10 टक्के पुरतं. चकती गॉजमध्ये बांधून टांगा, तळाशी पडू देऊ नका. द्रव रोज बदला. घाई म्हणून बरणी ओव्हनमध्ये ठेवणं ही सर्वांत महागडी चूक. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसी नसलेल्या खोलीत अ‍ॅसिड ओव्हनमधल्यासारखंच वेगाने चालतं. म्हणून 'इतके दिवस' हा हिशेब इथे धरू नका, रोज तपासा.

तपासायचं कसं? सुई टोचून नाही, त्याने ऊतीत भोकं पडतात. सोय असेल तर एक्स-रे सर्वांत खात्रीचा. नसेल तर बरणीच्या तळाचा 5 मिली द्रव घ्या, लिटमस पाहत अमोनियाने उदासीन करा. इथेच गढूळ झाला तर कॅल्शियम भरपूर आहे. स्वच्छ राहिला तर 5 मिली संपृक्त अमोनियम ऑक्झलेट घालून अर्धा तास थांबा. तरीही स्वच्छ, तर काम झालं. त्याच दिवशी हाड बाहेर काढा.

नंतर धुणं टाळू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा साठवलेलं पाणी पुन्हा पुन्हा बदलून धुवा. प्रोसेसिंगला (ऊतीतलं पाणी काढून मेण भरण्याला) नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या, मज्जेत चरबी असते.

ट्यूमर असेल तर मऊ तुकडा अ‍ॅसिडविना वेगळा ठेवा. पुढे डीएनएची तपासणी लागली तर तीव्र अ‍ॅसिडमधून गेलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) उपयोगी पडत नाही. मऊ भाग नसेल तर अ‍ॅसिडऐवजी ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं रसायन) वापरा. आठवडे लागतात, रुग्णाच्या डॉक्टरांना तसं आधीच कळवा.

ब्लॉक कापताना करकर आवाज आला तर कॅल्शियम उरलंय, नवनवं पातं लावत बसू नका. ब्लॉकचा कापलेला भाग 1 टक्का हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये अर्धा-एक तास पालथा ठेवा, धुवा, आणि पुन्हा ट्रिम न करता (वरचा थर न छाटता) पहिलेच सेक्शन उचला. मऊ झालेला थर अगदी पातळ असतो.