नागीण गेली, आग राहिली: दुखण्याची वही कशी ठेवावी

नागिणीचे फोड तीन आठवड्यांत सुकले, पण डाव्या बरगडीखालची आग आठवा महिना लागला तरी तशीच. पुरळ येऊन 3 महिने उलटले तरी दुखत राहिलं, तर ते नसेचं दुखणं, हे मला उशिरा कळलं. सदऱ्याची शिवण घासली तरी चटका बसतो, म्हणून आतला सदरा उलटा घालतो. स्वतः शिंपी असून! हसोत बापडे.

एक वही करा. झोपताना दुखणं 0 ते 10 मध्ये मांडा, रात्री किती वेळा जाग आली तेही. शेजारी पैशांचा रकाना: औषधं, तपासणी, जाणं-येणं आणि बुडालेलं काम. हे शेवटचं मी आधी धरतच नव्हतो. औषधांपेक्षा तेच जास्त निघालं.

डॉक्टरांपुढे वही उघडा. प्रीगॅबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, घेऊन मला मशीनवर डुलक्या लागायच्या. वही बघून त्यांनी वेळ बदलली. लिडोकेनची, म्हणजे कातडी बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी 24 तासांत 12 तासच, आणि सोललेल्या कातडीवर अजिबात नको. गोळ्या परवडेनात तर तसं सांगा, पण मनानेच एकदम थांबवू नका. मी थांबवल्या होत्या. चार रात्री डोळ्याला डोळा नाही.